सरकोपस जराजरा आणि इतर प्रजाती

मे महिन्यातल्या दिवा–सावंतवाडी गाडीत खिडकी मिळालेला माणूस सहसा झोपून घेतो. वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मात्र खिशातून वही काढली. पनवेलला पहिला नमुना डब्यात शिरला. तिघांच्या बाकापाशी येऊन ‘वाईच सरकता काय?’ असं म्हणाला आणि उत्तराआधीच टेकला. सुरुवात अर्ध्या मांडीची. मग प्रत्येक धक्क्याला बोटभर आत. पेण येईपर्यंत सर खिडकीच्या गजांना चिकटले होते. तशाच अवस्थेत त्यांनी नोंद केली : ‘सरकोपस जराजरा’.

नाव दोनच शब्दांचं हवं, यावर सर ठाम होते. आधी प्रजाती, मग जाती. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी ही शिस्त घालून दिली.

“पण शास्त्रात असली थट्टा चालते होय?” समोरच्या काकूंनी डब्यातली थालीपिठं वाटता वाटता विचारलं.

चालते! आर्नल्ड मेन्के या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं १९७७ साली एका गांधीलमाशीचं नाव ‘आहा हा’ ठेवलं आणि तीच अक्षरं आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही घेतली. खुद्द लिनियसही काही कमी नव्हता. फुलांचे पुंकेसर मोजून वर्गवारी करणं हा निव्वळ अश्लीलपणा आहे, असं योहान सिगेसबेक नावाच्या विद्वानानं लिहिलं होतं. ‘सिगेसबेकिया’ हे नाव आज एका चिकट रानटी तणाला आहे. लिनियसनं असा सूड उगवला, असं वनस्पतिशास्त्रज्ञ अजून चवीनं सांगतात.

चिकट म्हटल्यावर सगळ्यांनी चौथ्या सीटकडे पाहिलं. ती शांतपणे थालीपीठ खात होती.

चिपळूणनंतर गाडी एका छोट्या स्टेशनात उभी राहिली. एकेरी मार्गावर समोरून गाडी येणार असली की एकीनं थांबायचं, आणि ती एक बहुधा पॅसेंजरच असते. सरांनी रोगांचं पान उघडलं. ‘क्रॉसिंगायटिस’ : संयमाला येणारी सूज. लक्षणं : फलाटावर उतरून सिग्नलकडे डोळे लावणं, शेजाऱ्याच्या घड्याळावर अविश्वास दाखवणं, करवंदांचा द्रोण विकत घेणं आणि भोंगा वाजताच धावपळीत तो सांडणं.

काकूंना आता गोडी लागली. पोटात गुरगुरतं त्याला काय म्हणायचं? ‘बॉर्बोरिग्मस’. पायाला मुंग्या येतात ते? ‘पॅरेस्थेशिया’. आणि गाडी लागते ती? ‘कायनेटोसिस’. तिन्ही नावं वैद्यकातली अस्सल, पण काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “सर, हे मात्र तुमचं काहीतरीच हां!” मग वरच्या बर्थवर मोबाईलचा आवाज फुल्ल करून पडलेल्या पोराची नोंद सरांनी ‘रीलिया कर्कशा’ अशी वाचून दाखवली, तेव्हा त्या गंभीर झाल्या. “आमच्या धाकट्यालाही तेच झालंय. औषध काय हो यावर?”

उक्षी सुटलं आणि गाडी साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरली. रेंज गेली, तरी दारातले एक गृहस्थ त्याच जोमानं ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. सर तेच नाव लिहिणार, तोच पेन अडलं. वनस्पतींच्या नामकरणात एकच शब्द दोनदा घ्यायला बंदी आहे. प्राण्यांत मुभा आहे. आपला नाग ‘नाजा नाजा’ आणि गोरिला तर ‘गोरिला गोरिला’! गृहस्थांची रवानगी प्राण्यांत झाली.

बोगदा संपला तेव्हा सरांच्या खांद्यावरून वहीत डोकावणारं एक डोकं उजेडात आलं.

“पहिलं नाव माझं काय?” सरकोपसनं विचारलं.

सर ओशाळले. नवी जाती जाहीर करताना एक अधिकृत नमुना ठरवावा लागतो आणि तो संग्रहालयात कायमचा जपतात, म्हणजे हा एक प्रकारचा मानच आहे, असं त्यांनी घाईघाईनं सांगितलं.

“कायमचा?” तो आणखी बोटभर आत सरकला. “बसायला जागा असते ना तिथं?”