कौतुक न करता सत्कार कसा करावा

(सर्व कार्यालयप्रमुखांसाठी, नव्याने बढती मिळालेल्यांनी दोनदा वाचावे.)

मराठी माणसाला नोकरीत नारळ दोन प्रकारे मिळतो. सत्कारात मिळतो आणि कामावरून काढतात तेव्हाही 'नारळ दिला' असेच म्हणतात. फरक शालीचा. हे लक्षात आले की कर्मचाऱ्याचे कौतुक हा विषय सोपा होतो. तीस वर्षे ते टाळायचे आणि शेवटच्या दिवशी चाळीस मिनिटांत उरकायचे.

उदाहरणासाठी मुंबईतल्या एखाद्या सरकारी कार्यालयातल्या आवक-जावकच्या मॅडम घेऊ. त्यांचे नाव कार्यालयात फारसे कुणाला ठाऊक नसते. ते तसेच असू द्यावे.

१. हाक टेबलाला मारावी. "जरा आवक-जावकला पाठवा." नावाने हाक मारली की माणूस मान वर करतो, आणि मान वर केलेला माणूस रजा मागतो.

२. ठपका लेखी द्यावा, शाबासकी तोंडी. तीही जिन्यात, उतरता उतरता. लेखी शाबासकी सेवापुस्तकात चिकटते आणि पुढे कुणीतरी ती वाचून दाखवते. टिपणीचेही तसेच. वर चढताना ती साहेबांची असते, शेरा घेऊन खाली उतरली की मॅडमची.

३. असामान्य कामगिरीला सामान्य खुलासा मागवावा. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावर पाणी शिरले. लोकल बंद, मॅडम अडकलेल्या. त्यांनी आणि शिपायाने रात्रभर सगळ्यांची सेवापुस्तके कपाटांच्या माथ्यावर रचली. हजेरीपट मात्र खालच्या फळीवर राहिला आणि भिजला. पाणी ओसरल्यावर काय करावे? हजेरीपट का भिजला, याचा खुलासा तीन दिवसांत मागवावा. कोरड्या राहिलेल्या वस्तूंबद्दल विचारण्याची पद्धत नाही.

४. गोपनीय अहवालात 'वाईट' कधीही लिहू नये. माणूस भांडायला येतो. 'चांगला' लिहावे. सीमा रस्ते संघटनेतल्या एका अभियंत्याला बढतीसाठी 'अतिशय चांगला' हवा होता. एका वर्षी नुसता 'चांगला' पडला, तो त्याला कळवलाही नव्हता, आणि बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले, शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तेव्हापासून आपले काम थोडे वाढले आहे. 'चांगला'च्या पुढे 'अधिक वाव आहे' असे जोडावे. वाव कशात, हे कळवण्याचे बंधन नाही.

५. संशोधनाला घाबरू नये. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग चालले. उजेड वाढवला तर काम वाढले. मंद केला तरी ते घटेना. अर्थ असा लावला गेला की कामगारांना दिव्याचे काही नव्हते, आपल्याकडे कुणी बघते आहे याचे होते. फ्रेडरिक हर्झबर्ग याने १९५९ मध्ये लिहिले की पगार आणि कार्यालयाचे नियम नीट नसले तर माणूस कुरकुरतो, पण कामात समाधान मिळते ते कामाची दखल घेण्यासारख्या गोष्टींनी. पैकी हॉथॉर्नच्या आकडेवारीवर पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या. आपण शंका तेवढ्या पाठ कराव्यात आणि दिवे मंद करून वीजबिल वाचवावे.

६. 'या महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' हा फलक अवश्य लावावा. मानकरी मात्र आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने ठरवावा. त्यामुळे कुणी रागावत नाही आणि कुणी खूशही होत नाही. एप्रिलचा फोटो नोव्हेंबरपर्यंत राहिला तर फलक व्यवस्थित चालू आहे असे समजावे.

७. आता निरोप समारंभ. अठ्ठावन्नावे वर्ष पूर्ण होते त्या महिन्याची अखेर. वर्गणी माणशी दोनशे. समारंभाच्या परिपत्रकाला जावक क्रमांक लागतो. तो मॅडमनीच टाकावा, दुसऱ्या कुणाला जमत नाही. वक्त्यांनी 'बोलावे तेवढे थोडे' म्हणावे आणि थोडेच बोलावे. 'मनमिळाऊ', 'हसतमुख' आणि 'कधीही उलट उत्तर दिले नाही' एवढे पुरते. यातले काहीही मॅडमच्या कामाबद्दल नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. २००५ च्या रात्रीचा विषय निघू लागल्यास वेळेअभावी आभारप्रदर्शन सुरू करावे. उत्तरादाखल मॅडम म्हणतील, "काही चुकलं असल्यास माफ करा." टाळ्या. शाल, नारळ, सामोसा. घरी नारळ नासका निघाल्यास देव पावला असे मानतात. कार्यालयाने त्याची जबाबदारी घेऊ नये.

८. समारंभानंतर. वर्षभराने साहेबांचीही निवृत्ती येते. पेन्शनच्या कागदांसाठी सेवापुस्तक लागते. दोन दिवस शोधूनही ते सापडत नाही. अशा वेळी मॅडमना फोन करण्यात कमीपणा मानू नये.

"साहेब, मधल्या कपाटावर बघा. डावीकडून तिसरा गठ्ठा, लाल फडकं. त्या रात्री चढवले ते कुणी उतरवलेच नाहीत. तुमचं सगळ्यात वर ठेवलं होतं."

शिपाई स्टुलावर चढतो. पुस्तक मिळते. पान एकही फुगलेले नसते.

या ठिकाणी आभार मानावेसे वाटतील, तेही नाव घेऊन. नाव आठवणार नाही. ते कुणाला विचारावे, तर सांगू शकेल अशी एकच व्यक्ती, आणि ती फोनवर आहे. 'मॅडम' म्हणून वेळ निभावून न्यावी.