पणजोबांचे चंदन सर

इंटरनेटवरच्या वंशवृक्षात पणजोबा सापडले, की माणसानं पहिली गोष्ट करायची ती म्हणजे आनंद आवरायचा. मला तो आवरला नाही. रात्री साडेअकराला बायकोला हलवून उठवलं आणि सांगितलं, "पणजोबा सापडले." ती कूस बदलत म्हणाली, "हरवले कधी होते?"

सकाळी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. नाव : बिन राऊत. जन्म : १८०२. जन्मस्थळ : बसीन, ब्रह्मदेश. राहणार : चंदन सर.

रकाने चार, चुका चार. इतका निर्दोष निकाल क्वचित लागतो. त्यानंतरची दोन वर्षं मी या चार रकान्यांच्या सेवेत घालवली आणि त्या अनुभवाच्या जोरावर हे मार्गदर्शन लिहीत आहे. ज्यांचे पूर्वज अजून सापडलेले नाहीत, त्यांनी ते वाचून त्यांना आहेत तिथेच सुखानं राहू द्यावं.

प्रथम, चूक कोणाची ते शोधू नका. आमच्या बाबतीत घडलं असेल ते असं. खापरपणजोबांनी तोंडानं सांगितलं. ऐकणाऱ्यानं मोडीत लिहिलं. कोणीतरी ते बाळबोधीत उतरवलं. त्यावरून सातासमुद्रापलीकडच्या कुणा भल्या स्वयंसेवकानं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि ते इंग्रजी यंत्रानं परत मराठी करून माझ्या पुढ्यात ठेवलं. चंदनसार या गावाचे इंग्रजीत जाताना दोन तुकडे झाले आणि परत येताना दुसऱ्या तुकड्याला मास्तरकी लागली. आम्ही मूळ चंदनसारचे. विरार पूर्वेला उतरून शेअर रिक्षात बसलं की पाठीला जीवदानीचा डोंगर ठेवून महामार्गाच्या विरार फाट्याकडे जाणारा रस्ता ज्या गावातून जातो, ते हे गाव. रिक्षावाल्याला ते बरोबर कळतं. पण रिक्षावाल्यांना नोंदी टाइप करायला कोणी बसवत नाही.

आता मोडीबद्दल. इथे घाई करू नये, कारण निम्मी गंमत इथेच आहे. मोडी लिहिणारा आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लोंबकळवत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वेलांटी एकच, उकारही एकच. म्हणजे शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे वाचणाऱ्यानं आपल्या संस्कारांवरून ठरवायचं. लिहिणाऱ्याला घाई आणि वाचणाऱ्याला जन्मभराचा वेळ, असा तो करार होता. बरं, ही लिपी काही शिवकाळाबरोबर संपलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारात होती. म्हणजे आपले आजोबा ज्या लिपीत उसनवारी लिहायचे, ती आपल्याला वाचता येत नाही आणि उसने परत केले की नाही, हेही कळत नाही.

या लिपीतल्या जुन्या कागदांत माणसाच्या नावापुढे 'बिन' येतं. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. अमुक बिन तमुक. ज्याला हे माहीत नाही, त्याला बिन म्हटलं की बिनसाखरेचा चहा आठवतो. आमच्या नोंदीत पुढचं नाव फाटलेल्या कोपऱ्यात गेलं, मागचं वाळवीनं नेलं आणि मधलं 'बिन' तेवढं धडधाकट उरलं. टाइप करणाऱ्यानं त्यालाच नाव दिलं. त्याला आडनाव जोडून पणजोबा झाले बिन राऊत. म्हणजे राऊतांशिवायचे.

बायकांची गत याहून न्यारी. बाईच्या नावापुढे 'कोम' असायचं, म्हणजे 'ची बायको'. अमकी कोम तमका. वंशवृक्षात उतरवताना आमच्या घरातल्या चार पिढ्यांतल्या सगळ्या बायकांचं आडनाव कोम झालं. अमेरिकेतल्या आतेभावानं यावरून निष्कर्ष काढला, की आपलं राऊत घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोम नावाच्या एकाच घराण्यातल्या मुली करत आलं. तो आता या कोम मंडळींचं मूळ गाव शोधतो आहे. मी त्याला खरं सांगितलेलं नाही. शनिवार-रविवार परदेशात माणसाला काहीतरी लागतं.

अलीकडे मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी तहसिलांतली आणि शाळांतली जुनी दप्तरं उघडली गेली आणि सापडलेल्या कागदांची छायाचित्रं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. जे मोडीवाचक लग्नकार्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, त्यांना पुढच्या रांगेत बोलावू लागले. तेव्हा आपल्या नात्यात असा कोणी असेल, तर त्याच्याशी वाटणीचा वाद उकरू नका. निदान कागद वाचून होईपर्यंत.

सनांकडे वळू. जन्म १८०२ असं वाचल्यावर आमच्या घरात जो उत्साह संचारला, त्याला तोड नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला, तो आमच्याच वसईत. धाकट्या काकांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तासाभरात निरोप सोडला, की पणजोबांचा जन्म तहाच्या वर्षीचा. संध्याकाळपर्यंत तो निरोप फिरून माझ्याकडे परत आला, तेव्हा पणजोबा तहाला हजर होते. वयाचा विचार कोणी केला नव्हता. अडचण एवढीच होती, की त्याच वंशवृक्षात पणजोबांच्या वडिलांचा जन्म १८५३ चा दाखवला होता. मुलगा बापापेक्षा एक्कावन्न वर्षांनी मोठा. घरातल्या काही लोकांना यातही नवल वाटलं नाही. आमच्याकडे मुलं पहिल्यापासून बापाला अक्कल शिकवतात.

उपाय सोपा आहे. जुन्या कागदावर सन दिसला की आधी विचारा, कोणता? शके असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवा : शके १८०२ म्हणजे इसवी सन १८८०. फसली असेल तर पाचशे नव्वद मिळवा. एखाद्याचा जन्म फसली १२९० मधला आणि तो तसाच इसवीत उतरवला, तर तो माणूस ज्ञानेश्वरी लिहिली जात असताना नेवाशाला श्रोत्यांत बसलेला निघतो. सुहूर सन तर आकड्यांतही नसतो, अरबी शब्दांत असतो. 'इहिदे तिसैन मया व अलफ' असं आढळलं, तर त्याला साक्षीदार समजून वंशवृक्षात घेऊ नका. ते अकराशे एक्क्याण्णव आहेत.

आकड्यांचा आणखी एक घोळ सांगतो, पण हळू आवाजात. मराठी आकड्यांची सवय नसलेल्या डोळ्याला आपला एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला चार त्यांच्या आठसारखा आणि आपला पाच त्यांच्या चारसारखा. आमच्या एका जुन्या कागदावर जमीन आहे १४ गुंठे. ती इंटरनेटवर झाली आहे ९८ गुंठे. विरारमध्ये, फाट्याच्या रस्त्याला. ही चूक दुरुस्त करायला घरात एकही माणूस तयार नाही.

आता ब्रह्मदेश. पोर्तुगीज वसईला बसाईं म्हणत, इंग्रजांनी त्याचं बसीन केलं आणि ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या मुखाजवळच्या एका शहरालाही ते बसीनच म्हणत राहिले. संकेतस्थळावर गावाचं नाव टाकायला गेलं की खाली यादी उलगडते आणि घाईत पहिल्या ओळीवर बोट पडतं. ज्या पणजोबांनी वैतरणा ओलांडताना दोनदा विचार केला असता, ते असे इरावतीच्या काठी जन्मले. माहीमचंही तेच. जुन्या कागदातला ठाणे जिल्ह्यातला माहीम तालुका म्हणजे आजचा पालघर, केळव्याजवळचं ते माहीम. यादी मात्र तुम्हाला दादरनंतरच्या दुसऱ्या स्टेशनावर उतरवते. जिल्ह्याच्या रकान्यात पालघर शोधत बसू नका, हेही लक्षात ठेवा : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्यापूर्वी मेलेले सगळे ठाणे जिल्ह्यात मेलेले आहेत.

वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं दुःख वेगळं. त्यांच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या नीट राखलेल्या असतात, पण एकच आडनाव पाद्री बदलला की बदलतं. घोन्सालविस, गोन्साल्विस, गोन्सालवेस हे तीन भाऊ नाहीत, एकच माणूस आहे. माझ्या एका मित्राचं आडनाव कोरिया. त्याचं कुटुंब यंत्रानं कोणत्या देशात नेऊन ठेवलं, ते सांगायला नको.

शोध घेताना नाव अचूक लिहू नका, हा माझा आवडता सल्ला. अमेरिकेत रसेल नावाच्या गृहस्थानं १९१८ साली 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर काढून टाकायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकेक आकडा द्यायचा, म्हणजे स्पेलिंग चुकलं तरी माणूस सापडतो. पद्धत उत्तम आहे. तिच्यानुसार राऊत, रावत, रेड्डी, रीड आणि रॉथ हे सगळे एकच. म्हात्रे आणि मदर हेही एकच. लग्नसराईत ही पद्धत वापरू नये.

आजोबांच्या जन्मतारखेवर वेळ दवडू नका. ती १ जून आहे. जून उजाडला की बाप पोराला शाळेत नेऊन बसवायचा, गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "पाऊस होता." गुरुजी लिहायचे, १ जून. त्या काळातला निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आहे.

दुरुस्ती कशी करावी? इथे सरकार इंटरनेटपेक्षा शहाणं आहे, असं मला नाइलाजानं म्हणावं लागतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचं पंधरावं कलम पाहा. निबंधकाची खात्री पटली की तो चूक दुरुस्त करतो, पण मूळ नोंद खोडत नाही. समासात योग्य ते लिहायचं आणि खाली तारीख टाकून सही करायची. चूक तशीच जागेवर बसलेली आणि शेजारी तिची खबर घेणारी ओळ, असं ते दृश्य असतं. सातबारावर लिहिण्यातली चूक असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. त्यासाठी अर्ज, जुने फेरफार, उतारे आणि तहसिलाच्या बाकावर बसण्याची तयारी एवढं लागतं. डबा बरोबर न्यावा.

संकेतस्थळावर असं काही नाही. तिथे 'सुधारणा सुचवा' असं बटण असतं. मी दाबलं. पुरावा मागितला. मी मूळ कागदाचं छायाचित्र जोडलं. उत्तर आलं, की हे छायाचित्र आमच्याकडे आधीच आहे आणि त्यावरूनच आम्ही 'बिन' वाचलं आहे. दरम्यान आतेभावानं, त्याच्या सासऱ्यांनी आणि आम्हाला अज्ञात अशा एका बाईंनी तीच नोंद आपापल्या वंशवृक्षात उतरवून घेतली होती. आता एका बाजूला तीन वंशवृक्ष आणि दुसऱ्या बाजूला मी. तिघांनी लिहिलेलं ते खरं, हा तिथला कायदा. चूक एकट्या माणसाची असते तोवरच चूक असते.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन या, असंही मी सुचवीन. त्यांच्या वह्यांत येऊन गेलेल्यांची नावं घराण्यावार लावलेली असतात आणि पुष्कळदा खाली पूर्वजाची स्वतःची सही मिळते. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच बह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं कधीच करून ठेवली आहे. आमच्या पणजोबांची सही मात्र कुठेच मिळायची नाही. ते अंगठा लावायचे.

हे मला आत्यानं सांगितलं. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे, चंदनसारच्या जुन्या घरातच राहते आणि पणजोबांच्या मांडीवर खेळलेली ती एकटी हयात आहे. माझा शेवटचा सल्ला खरं तर पहिला असायला हवा होता : कोणताही कागद उघडण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा, सुपारी कातरून द्या आणि गप्प राहा. दोन वर्षांपूर्वी मी तसा बसलो होतो. तेव्हा तिनं पणजोबांचं खरं नाव सांगितलं, त्यांच्या मिठाच्या गोण्यांचं सांगितलं आणि शाळेचा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाली, "शाळा? त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं रे."

गेल्या दिवाळीत आतेभावाच्या मुलीनं तिकडे शाळेत आपल्या पूर्वजांवर निबंध लिहिला. त्यात चंदन सर होते. बसीनहून पोरक्या अवस्थेत आलेल्या मुलाला त्यांनी घरी ठेवून घेतलं, शिकवलं, असं तिनं लिहिलं होतं आणि तिला बक्षीसही मिळालं. काकांनी निबंध मराठी करून गटावर टाकला, शिवाय छापून आत्याला वाचून दाखवला. भाऊबीजेला मी गेलो तेव्हा तो कागद तिच्या उशाशी घडी घालून ठेवलेला होता.

मी म्हटलं, "आत्या, यांना तू तरी सांग. असे कोणी सर नव्हतेच ना?"

आत्यानं चष्मा पुसला.

"नव्हते कसे? काळा कोट घालायचे," ती म्हणाली. "फार मारायचे, पण जीव होता त्यांचा आजोबांवर."