नेमणूक वरून आलेली

ईमेल पत्त्याच्या दुव्यावर टिचकी मारली की संगणक ‘मेलटू’ (mailto) या दुव्याच्या प्रकारासाठी नेमलेला प्रोग्रॅम उघडतो. नेमणूक वरूनच झालेली असते; घरमालकाला कोण विचारतो? त्यामुळे चंद्रपुरातल्या जीमेलवाल्या घरातही आउटलुक उगवते आणि खाते जोडा म्हणते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स अशा वाटेने ‘मेलटू’ गाठून क्रोम निवडावे. मग जीमेल उघडून क्रोमलाही परवानगी द्यावी, म्हणजे दोन टेबलांवर सही. पर्लकोटा नदीच्या पुराने तुटलेला भामरागडचा रस्ता पाणी ओसरले की निदान आपोआप सुरू होतो; ही नेमणूक मात्र हातानेच बदलावी लागते. या नेमणुकीवर आधी असलेले विंडोजचे जुने मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ रोजी निवृत्त झाले. आता ते नव्या आउटलुकच्या खिडकीकडे बोट दाखवते.