दोघांसाठी कोकण : नवशिक्यांकरिता सूचना

ही मार्गदर्शिका अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांनी आजवर कोकण फक्त बाराजणांच्या गाडीतून, मांडीवर भाचा आणि पायाशी दडपे पोह्यांचा डबा घेऊन पाहिलं आहे. लग्नाला किमान वीस वर्षं झालेली असावीत. नवपरिणितांनी ही वाचू नये. त्यांना रस्ता दिसतच नाही, त्यामुळे रस्त्यावरून त्यांचं भांडणही होत नाही. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. गेल्या माघात आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला उतरलो आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीच्या पुढे गेलो. परत आलो तेही एकाच गाडीतून. एवढ्या अधिकारावर पुढचं लिहितो आहे.

गाडी कोणी चालवावी

ज्याला गाडी लागत नाही त्याने. आमच्या घरी मला लागते, ताम्हिणीच्या तिसऱ्या वळणाला. म्हणून चाक हिच्या हाती. शेजारी बसणाऱ्याकडे तीन कामं येतात : आवळा सुपारी चघळणं, खिडकी उघडणं आणि न बोलणं. पहिली दोन जमतात. डाव्या बाजूला ब्रेक नसतो, तरी समोरून लाल डबा आला की उजवा पाय आपोआप रुततो. त्यावर ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणेल, "पाय उचल." उचलावा.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका खेटून आहे की तिथे भांडण काढणं शोभत नाही. ते पुढच्या चढणीला राखून ठेवावं.

रस्ता समजून घेणे

महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे, असं आपण शाळेत पाठ केलं. नकाशात तो बराचसा सरळ दिसतो. त्यामुळे घाटावरच्या माणसाची समजूत होते की उजवीकडे समुद्र धरला की झालं. तसं नाही. कोकणात समुद्र थोडा वेळ दिसतो, मग रस्ता जांभ्याच्या गडग्यांमधून चढत सड्यावर जातो. सडा म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार. पिवळं पडलेलं गवत, एखादं काजूचं झाड, लांबवर कोणाची तरी म्हैस. तिथे वाटतं, आता गाडी पळेल. तेवढ्यात उतार लागतो, झाडी दाटते, मोबाइलची रेंज जाते आणि खाली खाडी आडवी येते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं. नद्या घाईघाईने खाली येतात आणि मुखाशी ऐसपैस पसरतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा तिघी आमच्या वाटेत आल्या.

खाडीपाशी फोनवरचा नकाशा निळी रेघ सरळ पाण्यातून काढतो. त्याचं चुकत नाही, तिथे बोट असते. नकाशा जपून वागणारा असेल तर तो उलट वळसा सुचवतो. दाभोळहून समोरचं धोपावे डोळ्यांनी दिसतं, घरांची कौलंसुद्धा दिसतात. पण जमिनीवरून गुहागर गाठायचं तर चिपळूण घालून शंभरेक किलोमीटर होतात. आम्ही दोघं या विषयावर दापोलीपासून बोलत होतो. मी वळशाच्या बाजूने होतो. का, ते आता आठवत नाही.

जेटीवर

बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड : या तीन जागा नीट लक्षात ठेवा. रायगड जिल्हा पहिलीवरच संपतो, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे इथे इंजिन बंद करावं लागतं. बोट पलीकडे असते. ती तिथल्या गाड्या भरेल, टेम्पो घेईल, धावत येणाऱ्या एखाद्या बाईसाठी थांबेल आणि मग निघेल. तोवर गाडीत बसून राहिलात तर सड्यावरचा विषय पुढे चालू राहतो. म्हणून उतरावं. टपरीवर चहा घ्यावा. धक्क्याच्या कडेला कोळणी जाळ्यातून काही निवडत असतील तर बघत राहावं. काय चाललंय ते कळलं नाही तरी चालतं. भांडण चालू ठेवायला दोन्ही पक्षांना एका दिशेने जावं लागतं. जेटीवर कुणी कुठेच जात नाही.

आता खरी परीक्षा. बोटीवर गाडी कधी तोंडाने चढवायची असते, कधी मागच्या अंगाने. फळीवरचा पोरगा सांगेल तसं. आमच्या वेळी मागून होती. त्याने गाडीला हात केला, चालकाच्या जागी बाई दिसली आणि लगेच वळून तो माझ्याकडे पाहत ओरडू लागला, "साहेब, घ्या मागे! उजवं मारा, अजून उजवं!" माझ्या हातात आवळा सुपारीची डबी होती. मी ती थोडी उजवीकडे केली.

या प्रसंगी नवऱ्याने काय करावं याबद्दल दोन मतं आहेत. एक, खाली उतरून पोराचे शब्द बायकोपर्यंत पोचवावेत. मी हे बागमांडल्याला केलं. त्यामुळे तिला "उजवं" दोनदा, दोन वेगवेगळ्या वेळी आणि दोन वेगळ्या आवाजांत ऐकू आलं. गाडी एका मोटारसायकलीपासून वीतभर अंतरावर थांबली. दुसरं मत माझ्या बायकोचं आहे : नवऱ्याने चालत पुढे जाऊन कठड्यापाशी उभं राहावं आणि समुद्रपक्षी बघावेत. दाभोळला मी ते केलं. गाडी एका दमात चढली. पोरगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वैनींचा हात चांगलाय." मी मान डोलावली, जणू मीच शिकवलं होतं.

भरती-ओहोटी

किनाऱ्यावर घड्याळापेक्षा तिथी उपयोगी. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला पुरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण.

हा हिशेब मी घरून पाठ करून आलो होतो. हरिहरेश्वरला देवळामागून जी प्रदक्षिणेची वाट कपारीतून पायऱ्यांनी खाली समुद्रापर्यंत उतरते, ती ओहोटीलाच करायची. त्या दिवशी द्वादशी. मी हिला म्हटलं, "बाराची सव्वापट पंधरा. म्हणजे दुपारी तीनला भरती. सकाळी नऊला ओहोटी. साडेसहाला निघू." तिने माझ्याकडे बघितलं, पण अंघोळीला गेली. नऊला आम्ही पायऱ्यांच्या डोक्यावर उभे होतो आणि खाली वाटेच्या जागी पांढरा फेस उसळत होता. बाराची पाऊणपट नऊ. ज्या पिढीला पाऊणकी आणि सवायकी एकाच छडीखाली शिकवली, तिच्या हाती पंचांग देऊ नये.

तीनपर्यंत थांबलो. त्या सहा तासांत तिने मला एकदाही "सव्वापट" म्हटलं नाही. ते पुढच्या सहा दिवसांसाठी ठेवलं होतं. खानावळीत भात वाढताना, रिक्षावाल्याला पैसे देताना, सगळीकडे. प्रदक्षिणा मात्र करावीच. लाटांनी खडकाला पोखरून केलेली जाळी हाताने चाचपता येते, आणि ओल्या दगडावर दोघांनाही एकमेकांचा हात धरावा लागतो. निसरडं असतं, एवढंच.

हेदवीला याच्या उलट. तिथली बामणघळ म्हणजे खडकाला पडलेली अरुंद चीर. भरतीचं पाणी तीत घुसतं आणि उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसतीच भेग. चतुर्दशीला साडेदहाची वेळ हिने काढली. चिंब भिजलो.

जेवण आणि मुक्काम

खानावळीत आधी सांगावं लागतं. दीडला जाऊन "काय आहे?" विचारलंत तर उत्तर येतं, "सकाळी सांगितलं असतंत तर केलं असतं." मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. तिसऱ्या मिळाल्या तर दुसरं काही मागू नका.

मुक्कामाच्या घरी काकू दार उघडून आपल्या पाठीमागे बघतात. "दोघंच?" हो. "बाकीचे मागून येतायत का?" नाही. मग त्या उंबऱ्यात क्षणभर थांबतात आणि सहा जणांची खोली दोघांना देतात. चार उशा उरतात.

वेळासला पहाटे उठा. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 पासून तिथे कासवांची अंडी राखायला घेतली. हंगामात टोपली उचलतात तेव्हा कधी पिल्लं असतात, कधी वाळू. आमच्या वाट्याला तीन पिल्लं आली. ती पाण्यापर्यंत पोचेतोवर आम्ही दोघं काही बोललो नाही. हा घरातला विक्रम आहे.

पुलांविषयी इशारा

बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलेला सागरी महामार्ग पुरा होऊ घातला आहे. या खाड्यांवर पूल झाले की वरचा जेटीचा भाग रद्द समजावा. झलक हवी असेल तर रत्नागिरी ओलांडा : भाट्याला पूल, पूर्णगडला पूल. पावसपासून आमचा एक विषय चांगला रंगात आला होता, माझ्या बहिणीच्या सुनेबद्दलचा, आणि मी शेवटचा मुद्दा मांडायच्या बेतात होतो. पूर्णगडच्या पुलाअलीकडे हिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि समोर गावखडीच्या सुरूंकडे बघत बसली.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बोट येतेय का बघते."