२४९ ग्रॅमचा पाहुणा

पाऊस लागला की मुरबाड तालुक्यात तीन जातींचे पाहुणे येतात. धबधब्याखाली भिजणारे, धबधब्यापाशी बसून पिणारे, आणि न भिजता, न पिता धबधबा वरून बघणारे. पहिल्या दोघांसाठी नाक्यावर पोलीस उभे असतात, दर पावसाळ्यात बंदीचे आदेशही निघतात. तिसऱ्याला कोणी अडवत नाही, कारण तो फार सभ्य दिसतो. त्याला आपण ड्रोनराव म्हणू.

ड्रोनराव कल्याण-डोंबिवलीकडून पहाटे निघतो. सरळगावला मिसळ खातानाही बॅग खाली ठेवत नाही, मांडीवर घेऊन बसतो. आत ड्रोन, तीन बॅटऱ्या, पंख्यांची जादा पाती आणि जमिनीवर अंथरायची एक नारिंगी गोल चटई. परदेशी ड्रोनच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे. हा कुठून आला असं विचारलं, तर "मेहुणा दुबईला असतो" एवढ्यावर विषय मिटतो. वजन मात्र तो न विचारता सांगतो. २४९ ग्रॅम! ऑगस्ट २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, आणि नॅनो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. त्या एका ग्रॅमचा ड्रोनरावला केवढा अभिमान! जावयाच्या पगाराचा आकडासुद्धा लोक इतक्या प्रेमाने सांगत नाहीत.

तसा तो नियमांचा पक्का आहे. नकाशावर हिरवा पट्टा असला की ४०० फुटांपर्यंत मोकळीक, ड्रोन नजरेच्या टप्प्यात हवा, सगळं तोंडपाठ. सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येतो आणि तिथे आधी वनखात्याला विचारावं लागतं, हे एवढंच कलम त्याला नेमकं रेंज नसल्यामुळे उघडता येत नाही.

उड्डाणाचा सोहळा बघण्यासारखा असतो. नारिंगी चटई पसरली की ती जागा त्याच्या मालकीची होते. "काका, जरा मागे व्हा, टेकऑफ आहे," असं तो ज्या काकांना सांगतो, त्यांच्याच खळ्यावर बहुधा तो उभा असतो. मग घर्रर्र सुरू होतं. गोठ्यातली म्हैस दावं ताणते, कोंबड्या घार आली समजून पिल्लं पोटाखाली घेतात, आणि ड्रोनराव मान खाली घालून हातातल्या पडद्यात बघत म्हणतो, "काय शांतता आहे ना इथे!"

कड्यांच्या पोटात आग्या मोहोळं असतात. गावातला जाणता माणूस त्यांच्याखाली विडीसुद्धा पेटवत नाही. ड्रोनराव तिथे चार पंखे भिरभिरत पाठवतो. माश्यांना २५० ग्रॅमची सवलत ठाऊक नसते. त्या उठल्या तर ड्रोनचं काही बिघडत नाही, खाली शेळ्या घेऊन जो पोरगा उभा असेल त्याचं बिघडतं.

खरी गंमत आवणीच्या दिवसांत. बायका गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरल्याच्या जागी आता खताच्या गोणीचं प्लास्टिक, कंबर मोडून रांगेत चाललेल्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं असतं, कारण चिखलात दुसरा इलाजच नाही. वर घरघर ऐकू आली की एकेक जण हातातली आवणाची मूठ टाकते आणि खोचा सोडते. लुगडं चिखलात जातं. उरलेला दिवस त्याच ओल्या ओझ्यानिशी लावणी. हे सगळं ड्रोनरावच्या पडद्यावर फार सुंदर दिसतं, हिरव्या चौकटीत रंगीत ठिपके. संध्याकाळी त्यावर बासरी चढते आणि खाली ओळ येते, ‘सुकून’. त्या ठिपक्यांतल्या एकीने मात्र कमरेवर हात ठेवून वर बघत विचारलेलं असतं, "काय रं, वरून काय बघतोस? खाली ये, दोन मुठी आवण लाव!" ड्रोनला कान नसतात. म्हणून तर उडवणाऱ्याचं एवढं निभावतं.

त्याला अद्दल घडवायचं काम शेवटी नाणेघाट करतो. वैशाखऱ्याहून चढून जावं, वर सातवाहनांची लेणी आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण बघावा, हे जुन्या माणसांचं. ड्रोनराव थेट कड्याच्या टोकाशी जातो, कारण त्याला उलटा धबधबा टिपायचा असतो. आता, कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पडणारं पाणी पुन्हा माथ्यावर फेकतो, म्हणून तर तो धबधबा उलटा. जिथे पाण्याला खाली पडता येत नाही, तिथे हा पाव किलोसुद्धा न भरणारा ड्रोन सोडतो! पडद्यावर वाऱ्याची सूचना लाल होते. घरी परतण्याचं बटण दाबलं जातं. ड्रोन बिचारा परतायचा प्रयत्न करतो, पण वारा त्याला ठाणे जिल्ह्याची हद्द कधीच ओलांडून जुन्नर तालुक्यात घेऊन गेलेला असतो.

आणि तिकडे जाऊन "माझा ड्रोन पाहिलात का?" असं विचारायला धाडस लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या गावागावांवर रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालत होते. चोर टेहळणी करतात अशी वदंता उठली, माणसं काठ्या घेऊन रात्र रात्र पहारे देत होती. तशा गावात कंट्रोलर हातात घेऊन शिरणाऱ्या परक्याला आधी चहा मिळेल की आधी चौकशी होईल, हे सांगायला नको.

माझं विचाराल तर नाणेघाटाचे वरून काढलेले व्हिडिओ आता पुष्कळ झाले. तरीही हौस असेल तर ड्रोनराव, अवश्य या. फक्त चटई अंथरण्याआधी बांधावर जा आणि "मावशी, उडवू का?" एवढं विचारा. नाही म्हणाली तर बॅग उघडू नका. ओढ्यावर धुणं चालू असेल तिकडे, घरामागच्या न्हाणीकडे, मोहोळाच्या कड्याकडे ड्रोन नेऊच नका. आणि अंधार पडल्यावर तर मुळीच उडवू नका. घाटमाथ्यावरच्या काठ्या अजून दाराआडच आहेत.