हलकं चाक, जड रस्ता

शहरातला हौशी सायकलपटू कार्बनच्या चाकांवर पन्नास हजार घालतो आणि दोनचारशे ग्रॅम वाचवतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत हे काम पावसाळ्यातला रस्ता फुकटात करतो. आलापल्ली येईस्तोवर निम्मे नटबोल्ट गळालेले. जवळच्या सूरजागडचं लोहखनिज याच रस्त्याने ट्रकांनी बाहेर जातं, आपल्या वाट्याला लाल धूळ.

खिसा बेताचा असेल तर दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम घ्या, स्पोक 32 किंवा 36, टायर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, इथला मिस्त्रीही काढतो: चाक फिरवायचं, खडू धरायचा, घासेल तिथे पलीकडच्या बाजूचा स्पोक आवळायचा.

खोल रिम ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला वारा कापते म्हणे. इथे त्या वेगाने ट्रक येतो, आणि आपण मुकाट्याने कडेच्या चिखलात उतरतो.