आलं का पाणी?

वहिनी, जरा भिंतीपाशी या. नाही हो, कढीपत्ता नकोय आज. आमच्या धाकट्यानं तुम्हाला गेममध्ये घातलंय, ते सांगायचंय. होय, तुम्हालाच! म्हणजे तुमच्या आवाजाला.

गेम जॅम म्हणतात त्याला. घड्याळ लावून गेम करायचा, बऱ्याच ठिकाणी ४८ तासांत. विषय बहुधा आधी कुणालाच सांगत नाहीत. ग्लोबल गेम जॅम म्हणून एक आहे, २००९ला सुरू झालेलं. त्यांनी २०१३ला विषय म्हणून शब्दच दिला नाही, नुसते हृदयाचे ठोके ऐकवले. घ्या, आता ह्यावर करा! आमच्यानं भाग घेतला ते वेगळं, घरबसल्याचं. गोडो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि बसला दार लावून. जेवायलासुद्धा ताट आत.

आणि केलं काय, तर आपली नहर! मलिक अंबरची हो, नहर-ए-अंबरी. चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नळांतून शहरात पाणी आणलं, मधेमधे दाब सांभाळायला, हवा जायला मनोरे. ह्याच्या गेममध्ये माणूस नाही, तलवार नाही. खेळणारा म्हणजेच पाणी. पळता येत नाही, उडी मारता येत नाही. मागून दाब आला तरच पुढं. मनोऱ्यात वर चढायचं, हवा सुटली की पलीकडच्या नळात उतरायचं. मी खेळले ना, चष्मा लावून! दुसऱ्या मनोऱ्यात अशी अडकले की ह्यांचा चहा राहिला.

गेमच्या शेवटी ते पाणी पाणचक्कीवर पडून जातं फिरायला हवं होतं. पण जातं उलटंच फिरायचं, कधी पाणी दगडातून आरपार जायचं. वेळ संपत आली तसं लेकरानं चक्कीच काढून टाकली. आता तिसरा मनोरा झाला की पडदा काळा. संपलं.

मी म्हटलं, अरे मग देतोस कशाला? तर म्हणे, आई, वेळ संपली की आहे ते द्यायचं. दिलंच नाही तर कुणी खेळणारच नाही. वर मलाच शिकवतो. सेलेस्ट म्हणून एक गेम आहे, म्हणे, आधी दोघांनी चार दिवसांत छोटासा केला होता, २०१८ला त्याचाच मोठा होऊन जगभर गाजला. मी म्हटलं, पुण्याच्या लोकांचा 'राजी' आला २०२०त, त्यांना विचार किती वर्षं लागली. तर त्यावरही उत्तर तयार: त्यांनीही आधी थोडासाच खेळायला देऊन लोकांकडं पैसे मागितले होते, ठरवले तेवढे जमले नाहीत, तरी केलाच ना पुरा? बोलण्यात हार नाही हो ह्याची.

एक मात्र आवडलं मला. गेमच्या खाली स्वच्छ लिहिलंय, 'चक्की बाकी आहे.' फ्लॅटच्या जाहिरातीत लिहितं का कुणी, लिफ्ट बाकी आहे म्हणून?

हां, तुमचा आवाज! पाणी यायच्या आधी आपल्या नळातून हवा सुटते ना, सूं सूं करत, मधेच खाकरल्यासारखी? ती त्याला हवी होती. पहाटे मोबाइल नळाशी धरून बसला. तेवढ्यात तुम्ही भिंतीवरून विचारलंत, "आलं का हो पाणी?" ते त्यानं कापलंच नाही. आता खेळणारा मनोऱ्यात चढला की तुम्ही विचारता.

त्या जॅममध्ये भाग घेणारे एकमेकांचे गेम खेळून गुण देतात. परदेशातल्या कुणीतरी लिहिलंय, ती बाई विचारत राहते आणि पाणी पोचतच नाही, पडदा काळा होतो, केवढा खोल अर्थ आहे! ह्याला हसू आवरेना. मी म्हटलं, सांग त्यांना, आमच्या गल्लीत त्याला वेळापत्रक म्हणतात.

परवानगी? अहो, तीच तर मागायला आले. पण नाही म्हणू नका, तिकडं चढवून झालंय. ऐन वेळी वायफाय गेलं, ह्यांच्या मोबाइलवरून चढवलं. दिवसभराचा नेट पॅक त्यातच गेला, तेव्हापासून हे धुसफुसत आहेत.

पुरा करणार म्हणतोय. चक्की जमली की त्याला तुमचं आणखी एक वाक्य हवंय, "आलं, आलं!" असं. आत्ता म्हणून चालायचं नाही, खोटं वाटतं म्हणे. पाणी खरंच येईल तेव्हाच म्हणायचं. तेवढं आपल्या भिंतीवर मोबाइल दिसला तर उचलून आत नका ठेवू.